बादलीभर तिसऱ्या आणि वकिलाचा प्रश्न

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. एक सांगितला की त्याच्या शेपटाला दुसरा लोंबकळत येतो. आमच्या शुक्रवारच्या ग्रुपमध्ये माझ्या एकाच केसचे इतके झालेत, की नवीन कुणी आली की मेधाताई म्हणते, "वैशू, आधी हिला बादलीचं सांग, मग चहा टाकू!"

मेधाताई पुण्याची, इथे ऑकलंडला हॉस्पिटलमध्ये नर्स. तिचे मिस्टर, जोशी डॉक्टर, भारतातले एमडी. पण इथली परीक्षा पास होईपर्यंत टॅक्सी चालवायचे. आणि मी रत्नागिरीकडची, सातवी पास.

एका रविवारी आम्ही सगळे बीचवर गेलो. पुण्याची मंडळी चटया टाकून चिवडा खात बसली, आणि मला ओहोटीच्या वाळूत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, दिसल्या! आमच्याकडे वाळूत उतरलेली बाई फक्त आपल्या घरापुरतं वेचत नाही, शेजारपाजारचंही वेचते. मी आठ घरांचं वेचलं. काठावर शिंपल्यांचं चित्र असलेला मोठा बोर्ड होता. मला वाटलं, इथे चांगल्या मिळतात हे सांगायला लावलाय!

तेवढ्यात युनिफॉर्ममधला ऑफिसर आला. बादलीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "ऑल युअर्स?"

मला वाटलं, कौतुक करतोय. मी ताठ मानेनं म्हटलं, "ऑल मी! ओन्ली मी!"

जोशी डॉक्टर धावत येईपर्यंत त्यानं वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं. मग डॉक्टरांनी मला बोर्ड वाचून दाखवला. एका माणसानं दिवसाला किती न्यायच्या, तो आकडा होता त्यावर.

*

कोर्टाचं पत्र आलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "वकील कशाला? हो म्हण, सॉरी म्हण आणि ये."

मी लग्नातली साडी नेसून गेले. जजसाहेबांनी तोंड उघडायच्या आत मी हात जोडले. ते विचारतील त्याला "यस सर." शेवटी त्यांनी विचारलं, "तुला काही सांगायचंय का?"

त्यालाही "यस सर" म्हटलं आणि गप्प उभी राहिले! जज वाट बघतायत, मी वाट बघतेय. मागे हे खोकतायत.

अखेर दंड झाला. तो भरून आम्ही घरी आलो. मला वाटलं, पार्किंगच्या दंडासारखं संपलं.

*

दोन वर्षांनी माझी पिंकी किंडीत, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागली आणि मला एका रेस्ट होमच्या किचनमध्ये जागा असल्याचं कळलं. म्हाताऱ्या माणसांचं जेवण करायचं. माझ्या हातचं तेवढंच एक काम! फॉर्म घेऊन मेधाताईकडे गेले. ती वाचत होती, मी सांगत होते, ती लिहीत होती. एका प्रश्नापाशी पेन थांबलं.

"वैशू, कधी गुन्हा शाबित झालाय का, असं विचारलंय. तुझं 'हो' आहे."

"ताई, तो नुसता दंड होता!"

"कोर्टानं केलेला ना? मग रेकॉर्ड आहे तुझं."

आठवडाभर मी मेधाताईला फोन करत होते. रेकॉर्ड ठेवतात कुठे? बघतं कोण? लायब्ररीच्या कार्डावर दिसतं का? आम्हाला या देशातून काढणार नाहीत ना? पिंकीच्या किंडीला कळवतात का?

"अगं, मी नर्स आहे, कमिशनर नाही!" मेधाताई शेवटी ओरडली.

*

किंडीला पोलिसांनी कळवायची गरज पडली नाही.

तिथे घरून एखादी वस्तू नेऊन सगळ्यांना दाखवायची असते. पिंकीनं शिंपला नेला. घरी मराठीत विचारलं की ही इंग्लिशमध्ये उत्तर देते, त्यामुळे तिथे तर काही अडचणच नव्हती. "माय मम टूक हीप्स," तिनं सांगितलं, "अँड द जज टोल्ड हर ऑफ!"

घ्यायला गेले तर सगळ्या आया माझ्याकडे बघून हसतायत. टीचरनं शिंपला टेबलावर मांडून ठेवला होता आणि खाली सुंदर अक्षरात चिठ्ठी: "पिंकीच्या आईकडून."

*

मग वकील करून रेकॉर्ड पुसून घ्यावं का, यावर शुक्रवारी मोठी चर्चा झाली. जोशी डॉक्टर म्हणाले, "थांबा. माझ्या टॅक्सीत रोज वकील बसतात. मी विचारतो."

पुढच्या शुक्रवारी रिपोर्ट आला. "पहिला म्हणाला, ताबडतोब वकील करा. दुसरा म्हणाला, अजिबात नको. तिसऱ्यानं सुरुवात फार छान केली होती हो, पण त्याचं घर आलं!"

"मग आता?" मेधाताई.

"आता लांबचं भाडं मिळायला हवं."

*

शेवटी मी फुकट सल्ला देतात त्या ऑफिसात गेले. वकील अगदी पोरगेलासा. "किओरा," म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार. सूट नाही, टाय नाही, आणि टेबलाखाली चक्क अनवाणी! पण माझं रेकॉर्ड त्यानं मागवून ठेवलं होतं. मला वाटलेलं, जाडजूड फाइल असेल. एक कागद, त्यावर एक ओळ!

तो म्हणाला, "सात वर्षं पुन्हा गुन्हा झाला नाही तर इथे रेकॉर्ड आपोआप झाकलं जातं, पण तुझी दोनच झालीत. उशिरा अपील करायची परवानगी मागता येईल. बोर्ड वाचता आला नाही, आठ घरांचं होतं, हे जजला तेव्हा कळलं असतं तर कदाचित नोंद न करता सोडलं असतं. कदाचित हं. पण त्याला वकील लागेल आणि महिने लागतील. आज फॉर्मवर 'नाही' लिहिलंस तर ते मात्र खोटं होईल."

"मग मी काय करू?"

"जजनं विचारलं तेव्हा तुला काय सांगायचं होतं?"

मी सांगायला लागले. मोडक्या इंग्लिशमध्ये, हातवारे करत, अर्धा तास! वाळूत पाय कसा फिरवायचा तेसुद्धा उठून दाखवलं.

"हेच लिही," तो म्हणाला.

घरी आले तर हे वकील करायला तयार झालेले. "उगाच नोकरी जायला नको. तो बोलेल तुझ्यातर्फे."

मी म्हटलं, "अहो, मागच्या वेळी मी बोलले नाही म्हणून तर हे झालं. आधी मला बोलू द्या. नोकरी नाहीच मिळाली, तर करू वकील."

*

फॉर्मवर 'हो'च्या पुढे दीड ओळ जागा होती. मी दोन पानं जोडली, शब्द माझे आणि अक्षर मेधाताईचं.

मॅनेजरबाई पांढऱ्या केसांची, चष्मा नाकाच्या टोकावर. पहिलं पान वाचलं. माझ्याकडे बघितलं. दुसरं पान वाचलं. पुन्हा पहिलं काढलं! बाहेर पिंकीला घेऊन बसलेली मेधाताई दिसत होती, ती खुणेनं विचारतेय, काय झालं?

बाई उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी पर्स उचलली. म्हटलं, चला, नाही म्हणतानाही इथली माणसं दार लावून म्हणतात.

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "कुठला बीच?"

मी सांगितला. त्यांनी माझ्याच फॉर्मच्या मागे लिहून घेतलं, पेनचं टोपण लावलं आणि विचारलं, "सोमवारपासून जमेल?"