टोपलीखालचं पाऊल

"टाक पाय."

चौकीच्या जमादारानं काठीनं टोपली बाजूला सारली आणि माझ्या बापाला सांगितलं. टोपलीखाली खळ्यातल्या मऊ मातीत एक पाऊल उमटलेलं होतं, पुसू नये म्हणून झाकलेलं. उजवं. अनवाणी. रात्रीत जवारीचं पोतं गेलं होतं आणि चोरानं मागं एवढंच ठेवलं होतं. भोवती सगळं गाव. काहीजण नीट दिसावं म्हणून गाडीवर चढलेले.

आबांनी वहाण काढली. पाय टाकला. त्यांचं पाऊल मोठं निघालं. टाच बाहेर राहिली. मी नुकता शाळेत बसायला लागलो होतो, पण एवढं मलाही दिसत होतं. वाटलं, झालं. आता घरी जायचं.

"मोठं दिसतंय की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"आता दाबून ठेवलाय म्हणून," पोलीस पाटील म्हणाले. "चोरी करताना माणूस चवड्यावर चालतो."

सगळ्यांना पटलं. मग चुलत्याचा पाय. तो लहान निघाला. तेव्हा पाटील म्हणाले, वाऱ्यानं माती ढासळली असंल, पाऊल पसरलं असंल. तेही पटलं. मोठं पाऊल आमचं. लहानही आमचंच.

मग जमादाराची नजर माझ्यावर पडली. "ह्या बारक्याचाबी बघा. ह्यांची पोरंच आधी टेहळणी करतेत."

कुणीतरी मला बखोटीला धरून उचललं आणि पावलात उभं केलं. माझा पाय त्यात बुडून गेला. लोक हसले. पोट धरून हसले. आमचे गुरुजीही हसले, तोंडावर उपरणं धरून. सकाळी त्यांनीच मला पाढे म्हणायला लावले होते.

आम्ही कैकाडी. ओढ्याच्या कडेला झोपड्या. तुरीच्या काड्यांच्या टोपल्या, डाली, कणग्या विणायच्या आणि गावाला द्यायच्या. गावाचं धान्य आम्ही विणलेल्या कणगीत राहायचं. तरी धान्य गेलं की गाव म्हणायचं, ह्यांनीच विणली, ह्यांनाच ठावं कुठून उसवायची. ती पावलावरची टोपलीही माझ्या आईच्या हातची होती. काठाला दुहेरी वळ घालायची तिची सवय. लांबून ओळखू यायची.

"कशाला दिलीस त्यांना?" मी रडत विचारलं होतं.

"भाकरीसाठी दिली. तिच्याखाली काय झाकतेत ते मला काय ठावं?"

आबांना चौकीत नेलं. परत आले ते गुडघ्यांवर सरपटत. तळव्यांवर काठ्या मारल्या होत्या. ज्या पायानं चोरी केली नव्हती, त्याच पायाच्या तळव्यावर.

पोतं कुणी नेलं ते सुगी सरायच्या आत गावाला कळलं. खळ्याच्या मालकाच्याच थोरल्या पोरानं नेऊन बेंबळीच्या बाजारात विकलं होतं. गाव म्हणालं, "पोरगं चुकलं." बस्स. त्याची चूक, ती त्याच्या एकट्याची. आमच्यावर नुसता संशय, तो अख्ख्या जातीचा. आमच्या झोपडीकडं कुणी फिरकलं नाही. मालकानं आईला नवी टोपली मात्र मागितली.

आणि हे कधी? निजाम गेल्यावर. पूर्वी आबांना रोज चावडीवर हजेरी होती. परगावी जायचं तर पाटलाची चिठ्ठी. पुढं, ह्या चोरीच्या आधीच, आमची अख्खी जात गुन्हेगार धरणारा तो कायदा उठला. चावडीसमोर सांगितलं गेलं, आता तुम्ही जन्मानं गुन्हेगार नाही. आबांनी हात जोडले होते. कुणाला जोडले, काय माहीत. कागदावरून आम्ही सुटलो. गावाच्या डोक्यातून कुठं सुटलो? चोरी झाली की जमादार विचारायचा, "संशय कुणावर?" कुणी नाव घ्यायचं नाही. नुसत्या माना ओढ्याकडं वळायच्या. झाला तपास.

मी शिकलो. वसतिगृहात राहून, दुसऱ्यांच्या पुस्तकांतून, औरंगाबादेत बी.ए. झालो. आमच्यात पहिला. हे मी मान खाली घालून सांगत नाही. गावी आलो तेव्हा पायात बूट होते. माध्यमिक शाळेत मास्तरची जागा मिळत होती. फक्त चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा होता, आणि त्याला पोलीस पाटलांचा शब्द. पाटील तेच. म्हणाले, "उद्या ये. आपलाच हाईस तू."

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या भावाच्या घरातून चांदीची भांडी गेली. परसात पाऊल सापडलं. वर टोपली.

ओढ्याकडं माणूस आला. आबांबरोबर मीही गेलो. या वेळी फौजदार आला होता, तरणा, कॉलेजातला. मला बघून म्हणाला, "तुम्ही बसा. तुम्हाला कोण काय म्हणतंय?" माझ्यासाठी खुर्ची सरकवली गेली. पाटील कानाशी आले. "तुझी गोष्ट येगळी हाय, बाबा. म्हाताऱ्याचा तेवढा पाय बघू दे. रीत हाय. मग दाखल्याचं बघतो."

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. आणि मला दिसलं. आबा वहाण काढत होते. कुणी सांगितलं नव्हतं. टोपली अजून उचललीही नव्हती. त्यांनी वहाणा बाजूला जुळवून ठेवल्या, देवळाबाहेर ठेवाव्या तशा, आणि पाय पुढं करून उभे राहिले.

मी खुर्चीवरचा हात काढला.

"आबा, वहाणा घाला."

"घालतो रे. आधी दावू दे. लगेच हुतं."

मी पुढं झालो आणि टोपलीवर हात दाबून धरला. काठाला दुहेरी वळ. आईचीच.

"साहेब, पाऊल बघायचंय ना? बघा. पण रांगेनं बघा. पहिले पोलीस पाटील. मग त्यांचे भाऊ. मग सगळं गाव. त्या रांगेत मी उभा राहतो, आबाही राहतील. काढा वहाणा."

कुणी हललं नाही. मग मागून आवाज आला, "आमी काय कैकाडी हाय का?"

तेच. एवढ्या वर्षांचा सगळा तपास त्या एका वाक्यात होता.

"ए, बी.ए. झालास म्हणून मला कायदा शिकवतो काय?" फौजदार ओरडला. खुर्ची कुणीतरी आधीच उचलून नेली होती. थोबाडीत बसली. कान सुन्न झाला. पण मी हात काढला नाही, आणि गावातल्या एकानंही वहाण काढली नाही. ते पाऊल तसंच झाकलेलं राहिलं. कुणाचंच ठरलं नाही.

आम्हा दोघांना चौकीत नेलं. बसवून ठेवलं, शिव्या घातल्या आणि काही सापडेना तेव्हा सोडलं. दाखला मिळाला नाही. पाटील म्हणाले, "चोराची कड घेणाऱ्याला कसला दाखला?" जागा गेली.

वाटेत आबा माझ्यावरच चिडले. "टाकला असता पाय. झिजला असता का? हातची नोकरी घालवलीस."

पाय टाकून सुटका होत नाही, हे त्यांच्या तळव्यांना माझ्याआधी ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती. मला आहे. म्हणून मी बोलणार. जिल्ह्यात जिथं कुठं अशी टोपली पालथी पडेल, तिथं मी जाणार आणि एकच विचारणार, पहिला पाय कुणाचा?

मी बी.ए. आहे आणि मी कैकाडी आहे. दोन्ही एका दमात सांगतो. मला वेगळं काढून खुर्ची देऊ नका. मी बसणार नाही.

पाऊल हवंय? देईन. आधी पाटलाची वहाण निघू दे. तोवर माझे बूट माझ्या पायात राहतील. आणि आबांच्या वहाणा आबांच्या पायात.