प्रदर्शनातला बियाण्याचा कोहळा

इतकी वर्षं लोटली, तरी तो कोहळा मी विसरलेले नाही. गोवा घटक राज्य होऊन थोडाच काळ झाला होता. मी डिचोली तालुक्यात नवी उपनिरीक्षक होते आणि वार्षिक कृषी प्रदर्शनाचा बंदोबस्त माझ्याकडे होता. लोक बक्षिसं बघायला यायचे, पण मुख्य ओढ बियाण्याची. शेवटच्या दुपारी उत्तम फळं कापून बिया वाटायची तिथली रीत होती. पेडण्याचं बी सत्तरीत पोचायचं ते असं.

पहिल्या सकाळी मी एका कोहळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा कुणाचा?" कारापूरकडच्या एका मावशीने माझं बोटच धरून दुमडलं.

"अगो बाय, सरळ बोट दाखवू नये. फळ कुजतं."

इंग्रजी शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं. मग पाहिलं, तर सगळेच शेतकरी आपापलं फळ दुमडलेल्या बोटाने दाखवत होते.

दुपारी मावशी धावत आली. तिचा कोहळा गायब. खाणीची माती शेतात उतरून तिचे वेल गाडले गेले होते. घरच्या जातीचं तेवढं एकच फळ उरलं होतं.

चहावाल्याने हळूच खबर दिली. एका बड्या भाटकाराच्या, म्हणजे बागायतदाराच्या, मांडणीवर सकाळी एक कोहळा होता, आता दोन होते. तिथे त्याचा गडी बसला होता.

"दोन्ही माझ्याच हातचे, मॅडम."

"सकाळी एक, आता दोन?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "व्यालो काय रे कोहळो?"

मी आवाज चढवला नाही. "वेलावर आधी कुठला धरला?"

त्याने बोट दुमडून एक दाखवला.

"आणि नंतरचा?"

या वेळी बोट सरळ गेलं.

"याला सरळ बोट का?"

त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो कोहळा माझ्याकडे सरकवला. "भाटकारान सांगलां, मॅडम. पयलें इनाम जाय आसलें तेका."

पहिल्या बक्षिसासाठी चोरी करवणारा भाटकार आणि त्याचा गडी, दोघांवर गुन्हा नोंदवला. पंचनामा करून हवालदाराने कोहळा मुद्देमाल म्हणून मालखान्यात ठेवायची तयारी केली.

"आणि केस कधी सुटतली?" मावशीने विचारलं.

"कोहळो कुजल्यार," हवालदार म्हणाला.

ती हसली नाही. मीही नाही. नाशवंत मालाचा अर्ज घेऊन मी न्यायालयात निघाले.

"कोहळ्यासाठी कोर्ट?" निरीक्षकांनी विचारलं.

"होय, सर."

आदेश मिळाला: पंचांसमक्ष फोटो काढून फळ फिर्यादीच्या ताब्यात द्यावं.

दुसऱ्या, म्हणजे प्रदर्शनाच्या शेवटच्या दुपारी मावशीने मांडवातच कोहळा कापला. आधी स्वतःपुरत्या बिया पदरात बांधल्या, मग वाटायला बसली. जामिनावर सुटलेला गडी लांब उभा होता.

"ये रे हांगा," त्याला जवळ बोलावून बिया देत ती म्हणाली. "तुझ्या घराकडे लाव. भाटकाराच्या बागायतीत नाका."

गुन्हा उघडकीला आणला की काम संपलं, असं मला प्रशिक्षणात वाटायचं. पण गेलेली वस्तू उपयोगाची आहे तोवर परत मिळाली, तरच फिर्यादीला न्याय मिळतो. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक मुद्देमालाला सील लावण्याआधी मी विचारत आले, "हे किती दिवस टिकेल?"