पडद्यावरची तूर

चांगुणाआत्याला व्याख्यानांचा नाद लागला तो साठी उलटल्यावर. बायका या वयात भजनाला लागतात, आमची आत्या विज्ञानाला लागली. पारनेरच्या अलीकडे माळावर कोरडवाहू शेतीची एक संशोधन संस्था आहे. तिथे महिन्यातून एकदा सगळ्यांसाठी व्याख्यान असतं. हॉल गार, खुर्च्या गुबगुबीत, शेवटी चहा आणि वडा. आमच्या गावची माणसं सुरुवातीला वड्यासाठी गेली आणि एका वड्यासाठी एवढं इंग्रजी कोण सोसणार म्हणून थांबली. आत्या थांबली नाही. एसटीने जायची, चपला हॉलच्या दाराबाहेर काढायची आणि पहिल्या रांगेत जाऊन बसायची. चपला काढा असं तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

सगळं कळायचं अशातला भाग नाही. ढगांवरचं व्याख्यान ऐकून आली तेव्हा नळावर सांगत सुटली की एका ढगाचं वजन शंभर हत्तींएवढं असतं.

"मग पडत कसा न्हाई गं डोक्यात?" मनकर्णाकाकूने विचारलं.

"त्ये म्होरल्या बारीला इचारते," आत्या म्हणाली, आणि खरंच विचारून आली. उत्तर तिला अर्धंच सांगता आलं. मातीतल्या जिवाणूंबद्दल ऐकलं तेव्हा शेतात पचापचा थुंकणाऱ्या गड्यांच्या मागे महिनाभर लागली होती. गाव हसायचं. आत्यालाही ते हसणं आवडायचं, कारण त्या हसण्यात ती होती. त्याआधी बरीच वर्षं ती कशातच नव्हती.

आता मी कोण ते सांगते. मी निकिता, तिची भाची, राधाकृष्णाची मुलगी. पारनेरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. राधाकृष्ण हे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. वडिलांबद्दल जपून लिहावं असं आई म्हणते. आईने आयुष्यभर जपूनच घेतलं, मला ते जमत नाही.

आत्याला पुणतांब्याला दिली होती. आजोबा गेले तेव्हा ती तिकडे नांदत होती. वडिलांनी गाडी करून तिला आणलं आणि तिने जमिनीवरचा हक्क सोडून दिला. बहिणी सोडतात तसाच. त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी झाली होती, मला आठवतं. पुढे नवऱ्याने दुसरी आणली आणि आत्या परत आली. आली तेव्हा इथे तिचं काही उरलं नव्हतं. वडिलांनी तिला माळाकडची दोन एकरांची पट्टी कसायला दिली. कागद नाही, नुसता शब्द. "जोवर पिकवतीस तोवर तुजी, आक्का," एवढंच म्हणाले.

आत्याला ते पुरेसं वाटलं. भाऊ कडेवर घेऊन वाढवलेला, त्याच्या शब्दावर शंका कशी घ्यायची? दर वर्षी पोटापुरतं पिकवून तिने पट्टी राखली. पण गेल्या काही वर्षांत वडिलांच्या डोक्यात डाळिंब शिरलं होतं. त्यांचं रान आणि आत्याची पट्टी यांच्यात एक बांध. तो बांध मोडला की बाग सलग होते. जेवताना ते सहज बोलल्यासारखं बोलायचे, "आक्काला आता व्हत न्हाई." आत्या ताटातून मान वर करायची नाही. पट्टी गेली तर ती आमच्या घरात भाकरी खाणारी बाई होणार होती, बाकी काही नाही. हे तिला ठाऊक होतं.

अशात संस्थेचे वैजनाथ सर गावात आले. तुरीवरचा प्रयोग करायचा होता, त्यासाठी एकाला एक लागून असलेली सारख्या मातीची दोन रानं हवी होती. वडिलांचं आणि आत्याचं त्यांना पसंत पडलं. सर माणूस गोड. बांधावर मांडी घालून बसायचे, आत्याच्या हातची हुलग्याची शेंगोळी मागून खायचे आणि तिला आत्याच म्हणायचे. वडिलांच्या रानात रुंद वाफे पडले, दोन ओळींच्या मध्ये पाचट अंथरलं गेलं, बी वेगळं आलं. आत्याच्या पट्टीत काहीच आलं नाही.

"सायेब, आमाला काय देनार न्हाई का?" तिने विचारलं होतं.

"आत्या, तुमच्या प्लॉटला काही करायचंच नाही," सर म्हणाले. "तुमचा प्लॉट सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर प्रयोगच नाही."

आत्याने याचा जो अर्थ घेतला तो तुम्हीही घेतला असता. तिला वाटलं, आपलं रान इतकं बेस की त्याला औषधपाणी लागतच नाही. नळावर दोन दिवस तेच चाललं होतं. "राधूच्या रानाला सोळा उपचार, माज्याला एक न्हाई. सायेब म्हन्ला तुमचंच मुख्य हाय." त्यानंतरच ती व्याख्यानांना जायला लागली. आपण संस्थेच्या आहोत असं तिला वाटायचं. शिवाय प्रयोग सुरू असेपर्यंत वडील पट्टीचा विषय काढेनासे झाले. "सरकारी काम हाय, चालू द्या," म्हणायचे. आत्या रात्री गाढ झोपायला लागली, असं आईने मला सांगितलं.

पहिल्या वर्षी पाऊस बरा झाला, दोन्हीकडे तूर आली. दुसऱ्या वर्षी फुलोऱ्याच्या ऐन वेळेला पावसाने दडी मारली. वडिलांच्या तुरीला सरांनी विहिरीचं एक पाणी द्यायला लावलं. आत्याची तूर मान टाकत होती. ती वडिलांकडे गेली, म्हणाली, "राधू, येक पाळी माज्याकडं फिरव. तेवढ्यानं वाचंल."

"मी कोन फिरवनार? सायबाला इचार," वडील म्हणाले.

तिने सरांना फोन लावून घेतला. सर कळवळून म्हणाले, "आत्या, नका. तुम्ही पाणी दिलंत तर दोन वर्षांचं काम वाया जाईल." मग ती गप्प बसली. मला दुकानात येऊन सांगत होती, तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण बोलण्यात अभिमानच होता. "इज्ञानासाठी सोसायला लागतं गं निके." फुलं गळली. शेंगा धरल्या त्या पोचट. पिकवतीस तोवर तुझी, या शब्दावर जगणाऱ्या बाईने पाणी शेजारून वाहत असताना पीक वाळू दिलं, कारण एका शिकलेल्या माणसाने तिला तू महत्त्वाची आहेस असं सांगितलं होतं.

उन्हाळ्यात निरोप आला. वैजनाथ सरांचं स्वतःचं व्याख्यान आहे, विषय आपल्या गावचा प्रयोग, आणि आत्याचं रान मोठ्या पडद्यावर दिसणार. आत्याने गाव गोळा केलं. घरोघर जाऊन बोलावणं केलं, लग्नाला करतात तसं. माझ्याकडून मोरपंखी ब्लाउज शिवून घेतला आणि बाही दोनदा उसवायला लावली. वडिलांनी टेम्पो ठरवला. ते त्या दिवशी फार खुशीत होते. मी पारनेरहून थेट हॉलवर गेले.

दिवा लावणं झालं, पाहुण्यांना शाल-नारळ झाले, प्रास्ताविक लांबलं. मग अंधार करून पडदा उजळला आणि आमचा माळ दिसला. अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या. पुढचं चित्र आलं. मधोमध बांध, डावीकडे हिरवीगार तूर कमरेच्या वर, उजवीकडे काटक्या. त्या काटक्यांत आत्या उभी, ठेवणीतली साडी नेसून, फोटोसाठी हसत.

आत्या खुर्चीतून अर्धी उठली होती, हात जोडायला.

"डावीकडे आपण सुधारित पद्धत वापरली," सर म्हणाले. त्यांच्या हातातला लाल ठिपका हिरव्या तुरीवरून फिरला आणि बांध ओलांडून आत्याच्या साडीपाशी थांबला. "आणि उजवीकडे काहीच न करता ठेवलेला तुकडा. शेतकरी जुन्याच पद्धतीला धरून राहिला तर कोरड्या वर्षात काय होतं, ते यावरून दिसेल."

मागून कोणीतरी हसलं. मनकर्णाकाकू बोललीच, "अगं बया, ही तूर का सरपन?" मग बरेच जण हसले. तसं वाईट मनाने नाही, नळावर हसायचे तेच हसणं. पण त्यात आता आत्या नव्हती. ती तशीच अर्धवट उभी होती. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

पुढचा अर्धा तास आकडे आले आणि गेले. मला एकही कळला नाही, मला नुसता राग येत होता. प्रश्नांची वेळ झाली तेव्हा आत्या उठली. माईक तिच्या सवयीचा होता, तोंडापासून किती लांब धरायचा ते तिला ठाऊक होतं.

"सायेब, मी जुनं धरून बसले न्हाई," ती म्हणाली. "मी पानी मागितलं हुतं. नको म्हनून तुमीच म्हन्लात. मग माजी तूर लोकांना अशी का दावता?"

सर गडबडले, पण चांगल्या माणसासारखं बोलले. "आत्या, तुमची काहीच चूक नाही. मी बोललो ते चुकीच्या पद्धतीने बोललो. प्रयोगात एका तुकड्याला काही करायचं नसतं. तो तसाच ठेवला, तरच दुसऱ्यात किती फरक पडला ते कळतं. त्यात पीक जाऊ शकतं हे आम्ही पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं."

"कुनाला?"

"राधाकृष्णरावांना. सातबारा त्यांच्या नावावर, म्हणून परवानगी त्यांचीच घेतली. दोन्हीपैकी कुठला तुकडा तसाच ठेवायचा, तेही त्यांनीच सांगितलं. नुकसानभरपाई देतो म्हटलं, तर तेच म्हणाले, घरचंच आहे, नको." सर वडिलांकडे पाहून हसले. सरांना वाटलं, आपण वडिलांचं कौतुकच करतोय.

वडील दुसऱ्या रांगेत बसले होते. मी मागे वळून पाहिलं. ते टोपी काढून तिच्या आतलं अस्तर बघत होते. त्यांना माहीत नव्हतं, गैरसमज झाला असेल, असं मला स्वतःला सांगायचं होतं. पण मी त्यांची मुलगी आहे, तो चेहरा मला ओळखता येतो. चोरून विडी ओढताना आईने पकडलं की ते असेच दिसतात. बहिणीची तूर त्यांनी दोन वर्षं रोज बांधावरून पाहिली होती, कशी वाळते ते पाहिलं होतं, आणि विहिरीवर तिला म्हणाले होते, सायबाला विचार.

संचालकांनी आभार मानले. टाळ्या झाल्या, चहा झाला. आत्याने वडा घेतला नाही.

बाहेर टेम्पोपाशी सगळे चढले. वडील केबिनचं दार उघडून उभे राहिले. "आक्का, पुडं बस. मागं दनकं बसत्यात."

आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"त्यो सायेब परका मानूस," ती म्हणाली. "त्याला मी परका म्हनून सोडला. तुला काय म्हनून सोडू, राधू?"

वडिलांनी केबिनचं दार लावलं. मग म्हणाले, "पट्टी काय मी लगीच काडून घेतोय व्हय?" गाव ऐकत होतं, म्हणून मोठ्याने म्हणाले.

आत्या मागे जाऊन बायकांत बसली. मी दुकान तसंच बंद ठेवून तिच्यासोबत गावी गेले. वाटेत कोणी हसलं नाही, मनकर्णाकाकू तर रडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने खुरपं आणि तिचं बियाण्याचं गाडगं आमच्या ओट्यावर आणून ठेवलं, आणि पट्टीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. वडिलांना काढून घ्यावीच लागली नाही. संस्थेच्या व्याख्यानाची पत्रिका अजून येते, ती आत्या उघडत नाही. सर एकदा भेटायला आले होते. तिने त्यांना चहा दिला, बसवलं, मुलांची चौकशी केली. त्यांच्यावर तिचा राग नाही.

माझा आहे, दोघांवरही. वडिलांशी मी कामापुरतं बोलते आणि भांडायचं तेव्हा भांडते. आत्या भांडत नाही. आमचं घर सोडून ती गावातच मनकर्णाकाकूच्या पडवीत राहते आणि दुसऱ्यांच्या रानात कामाला जाते. यंदा बांध मोडून सलग डाळिंब लागलंय. वाट तिथूनच आहे. वडील झाडांना पाणी देताना तिला येताना बघतात आणि हाक मारतात, "आक्का, च्या घिऊन जा की."

आत्या थांबते. डोक्यावरचा पदर पुढे ओढते, जसा सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर ओढतात.

"नगं राधाकृष्णराव," ती म्हणते. "घ्या तुमी."