तीन जागची शितं

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत एका सत्काराला बसलो होतो. सत्कारमूर्तींचा 'अल्प परिचय' सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि ते अजून प्राथमिक शाळेतच होते. बाहेर येऊन फोन घेतला. "भाऊजी, हे गेले..." सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या. आत टाळ्या पडल्या.

पुढे शोकसभा झाली. अध्यक्षांनी त्याला 'औषधांचा शोध लावणारा जिल्ह्याचा सुपुत्र' म्हटलं. दिगंबरनं आयुष्यात एकही औषध शोधलं नाही. जुनंच औषध दुसऱ्या कंपनीनं बनवलं तर ते रक्तात तेवढंच उतरतं का, हे तपासायला माणसं किती लागतील, एवढंच तो सांगायचा. पण एवढ्यावर शोकसभा भरत नाही.

आम्ही दोघं हट्टा गावचे. गावच्या पंगतीत भात रटरटत असला की हा आचाऱ्यापाशी जाऊन उभा. आचारी कडेचं एक शीत चिमटीत दाबून "झाला" म्हणायचे. "मामा, मधलं बघा, बुडाचंबी बघा. जाळ एकाच अंगानं लागून राहिला." "तू शाळा शीक, मला भात नको शिकवू!" एकदा कडेचं शीत मऊ आणि मधला भात कच्चा निघाला. लोक मुकाट्यानं जेवले, पण मामांना पुढं कितीतरी पंगतींत कुणी ना कुणी विचारायचंच, "मामा, आज मधला शिजला का?"

नव्वदच्या दशकात तो संख्याशास्त्र शिकून हैदराबादला एका औषध कंपनीत लागला. तिथंही भातच होता. मोठ्या चाचणीआधी मूठभर धडधाकट माणसांवर छोटी चाचणी व्हायची, तिला पायलट म्हणत. त्यांना मूळ औषध आणि नवं औषध आळीपाळीनं द्यायचं, रक्त काढायचं. एकाच माणसाचे आकडे एका खेपेहून दुसऱ्या खेपेला किती वरखाली होतात, त्यावरून मोठ्या चाचणीतली माणसं ठरायची. आकडे कमी हलले तर कमी माणसांत भागतं. दिगंबरचं म्हणणं असं, की मूठभर माणसांत आकडे शांत दिसले तर तो निव्वळ योगायोगही असेल. म्हणून तो पायलटमध्ये दिसला त्याहून जास्त चढउतार धरायचा आणि माणसं वाढवून मागायचा. साहेब लोकांना असा माणूस आवडत नाही.

एका औषधाचं पायलट फार देखणं आलं. साहेबांनी पेढे वाटले. दिगंबरनं पेढा खाल्ला आणि नेहमीसारखी जास्त माणसं मागितली. "आकडे इतके छान, आणि तुमचा चेहरा सुतकी का?" असं म्हणून साहेबांनी संख्या कापली. मोठी चाचणी झाली, तिथं आकडे जास्त हलले आणि माणसं कमी पडली. औषध वाईट ठरलं नाही, चांगलंही ठरलं नाही... काहीच ठरलं नाही. "उगं लोकायचं रक्त काढलं, मास्तर," तो मला म्हणाला. राजीनामा दिला, तेव्हा त्याच साहेबांनी त्याला शाल पांघरली. ती त्यानं घरी पोचण्याआधीच कुणाला तरी देऊन टाकली.

मग तो हिंगोलीत कॉलेजात शिकवू लागला. काही वर्षांनी आजार निघाला, तोही रक्ताचाच. उपचार सुरू झाले आणि पहिले दोन रिपोर्ट चांगले आले. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी रिपोर्ट त्याच्या पुढ्यात धरून उभ्या होत्या. "सांगा की, आता बरे होताव ना?" त्यानं कागद बराच वेळ पाहिले. मला त्याचं उत्तर पाठ होतं. पण तो म्हणाला, "व्हय. बरा होऊन राहिलो."

वहिनी डोळे पुसत शिरा करायला आत गेल्या.

"काहून रे, दोन रिपोर्टांवर?" मी हळूच विचारलं.

"माणूस एकच हाय ना, मास्तर. वाढवून कुठून आणू?"

तिसरा रिपोर्ट त्यानं मला दाखवला नाही.

परवा त्याच्या घरी गेलो तर वहिनींनी जेवायला थांबवलं. घरात खाणारे आम्ही दोघंच, पातेलं छोटंसं. तरी त्यांनी झाकण काढून कडेचं शीत दाबलं. मग चमचा खाली घालून बुडाचं. मधलं शीत चिमटीत धरून त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी बरा होऊन राहिलो म्हणले... ते तेन्ला खरंच वाटत व्हतं का हो?"

त्यांनी ते शीत दाबलं, पुन्हा दाबलं, आणि झाकण परत ठेवून दिलं.