काचपट्टीवरची नस

ओल्या सुपारीचा वास आला की साठ सालच्या आसपासची दिवेआगरची एक दुपार आठवते. मी डॉक्टरकी शिकत होते. अभ्यासासाठी डोळ्याच्या नसेचा, केसाहून पातळ काप काचपट्टीवर घेऊन सुट्टीला घरी आले होते. तीच नस सुकून बाबांची दृष्टी गेली होती. ओटीवर चाचपत सुपारी सोलता सोलता त्यांनी मी हातात दिलेल्या काचेवरून अंगठा हळूच फिरवला. "इतकुशी? मला वाटलं, आपल्या वाडीतल्या पाटाएवढी असेल." मग थांबून म्हणाले, "सुकल्या पाटाला पुन्हा पाणी सोडता येतं. हिला?" मी नाही म्हणून मान हलवली, आणि ते चेहरा माझ्याकडे करून उत्तराची वाट बघत राहिले. अजूनही असा पेशंट समोर बसला की मी मान हलू देत नाही, तोंडाने सांगते.