अर्धी गोळी

मार्गासनीच्या वरच्या अंगाला ओढ्याच्या दोन काठांवर दोन वाड्या आहेत. अलीकडच्या वाडीत माझी चुलत आत्या धोंडाबाई राहायची. जेवायला बसली की आधी अर्धी भाकरी ओढ्याकाठच्या दगडावर ठेवून यायची. भाकरी नाहीशी व्हायची. कुत्र्यानं नेली म्हणावं, तर त्या वाडीत कुत्रं नव्हतं.

चाळीस साली हिवतापानं खोरं पोखरलं होतं. पोरांच्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून पोट पुढं यायचं. भोरचे डॉक्टर उपेंद्र कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, कडू गोळ्या घेऊन आले. गोळ्या थोड्याच होत्या.

"अलीकडच्या वाडीला गोळी, पलीकडच्या नाही," त्यांनी सांगितलं. "हंगाम सरला की दोन्हीकडच्या पोरांच्या पानथऱ्या बोटांनी मोजू, सरासऱ्या ताडून पाहू. एकाच वाडीत पोरापोरांत कमीजास्त असणारच. त्यापुढंही दोन वाड्यांतला फरक उठून दिसला, चांगला मोठा दिसला, तर पुढच्या वर्षी सगळ्या खोऱ्याला गोळ्या."

गणित चोख होतं. माणूसही भला होता. गोळ्या भरवायला त्यांनी आत्याला नेमलं. तिचा नातू गेनू त्याच पोरांत होता.

पहिल्याच संध्याकाळी पलीकडची पोरं ओढ्याकाठी येऊन उभी राहिली. हाक नाही, रडं नाही. पिवळे डोळे गेनूच्या तोंडावर खिळलेले. गेनूनं तोंड उघडलं, तशी त्या सगळ्यांनी उघडली.

बघणाऱ्याच्या हातावर घास ठेवल्याशिवाय आमच्याकडं कुणी खात नाही. नजर लागलेलं अन्न पचत नाही, तिथं औषध काय लागू पडणार? आत्यानं अडकित्ता काढला आणि प्रत्येक गोळीचे दोन तुकडे केले.

दोन्हीकडची पोरं हिंडू-फिरू लागली. दिवाळीनंतर डॉक्टरांनी मोजमाप घेतलं, आकडे मांडले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"धोंडाबाई, तुम्हाला फरक दिसतो का?"

"लई फरक पडला, डागतरसायेब!"

"कुठल्या वाडीत?"

"दोनी वाड्यांत. अक्षी सारका!" ती अभिमानानं म्हणाली.

"माझंही गणित तेच सांगतं," ते खिन्नपणे म्हणाले. "दोन वाड्यांत फरक नाही. यंदा तापच सौम्य होता. गोळीचा गुण नव्हे."

वाटून खाल्लेलं कुणी बोलून दाखवतं का? तिनं सांगितलं नाही, त्यांना विचारायचं सुचलं नाही. त्या मेल्या 'फरक' शब्दाचा मला अजून संताप येतो.

पुढच्या वर्षी गोळ्या आल्या नाहीत. ताप मात्र आला. पलीकडची पोरं गेली, आणि मागोमाग आमचा गेनू गेला.

बऱ्याच वर्षांनी मी विचारलं, "आत्या, भाकरी कुणाला ठेवता?"

"त्या पोरास्नी. आता गेनू बी त्यांच्यातच उबा ऱ्हातो, पलीकडं."

"ओळखू येतो?"

तिनं डोळ्यांवर हात धरून ओढ्यापलीकडं पाहिलं.

"न्हाई रं. समदी सारकीच दिसत्यात. काय बी फरक न्हाई."