पेवातला कंदील

हरिपुरात हळद साठवायचं जमिनीतलं पेव उघडायचं झालं, की मदनअण्णांना बोलावणं जायचं. तोंडावरची फरशी सरकवून ते आधी दोरीनं कंदील खाली सोडत. कंदील विझला, तर कुणाच्या बापाला आत उतरू देत नसत. त्या मातीच्या पोटात हवा नाही म्हणून हळदीला कीड लागत नाही, आणि हवा नाही म्हणूनच माणूसही जगत नाही, हे ते शेंबड्या पोरालाही सांगायचे. पुढं महापुरात पेवं बुडाली आणि अण्णा घरी बसले.

बायको चंदनबालाकाकूंच्या छातीच्या कॅन्सरचे उपचार संपले, तेव्हा सांगलीच्या डॉक्टर प्राचीनं दोघांना समजावलं, "एखादी पेशी हाडात दडून वर्षानुवर्षं झोपून राहू शकते. ती झोपून राहणार की वाढायला लागणार, हे तिच्या एकटीवर नसतं. आजूबाजूच्या पेशी, रक्तवाहिन्या, सूज, सगळ्यांचा त्यात हात असतो. गोळ्या चुकवू नका, रोज चाला, तपासणीला या."

"म्हंजे पेवच की," अण्णा म्हणाले. आपल्याला सगळं उमगलं असं त्यांना वाटलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

घराच्या खिडक्या बंद झाल्या. शेजारणी दारातूनच परत जाऊ लागल्या. काकूंचं जैन बस्तीत दर्शनाला जाणंही थांबलं. दिवस मावळायच्या आत अण्णा स्वतः गिळगिळीत खिचडी रांधून वाढत. म्हातारपणी इतका जीव लावणारा नवरा मिळायला नशीब लागतं, म्हणून काकू ती हसून खात.

मग लोणंदला लेकीचं, दीपालीचं, डोहाळजेवण ठरलं. काकूंनी जायला हिरवी साडी काढली. अण्णांनी ती उचलून परत कपाटात ठेवली.

"गर्दी, धूळ, दगदग. झोपलेलं जागं झालं म्हंजे? तू न्हाई जायचं."

काकू भांडल्या नाहीत. त्यांनी माळ्यावरचा जुना कंदील काढला, काच पुसली आणि पेटवून त्यांच्यापुढं ठेवला.

"आवं, पेव हळदीला चांगलं. मी काय हळद हाय? इतके दिस मला आत ठिवलं, एकदा तरी कंदील सोडून बघितला का?"

अण्णा उठले, त्यांनी खिडक्या उघडल्या आणि कपाटातली साडी काढून काकूंच्या हातात दिली.

"आनि जागं झालंच तर गं?"

"झालं तर बघू दोघं मिळून. तवर मी तर जागी हाय न्हवं."